वर्धा लोकसभा मतदारसंघ: अठरा निवडणुका, बारा खासदार

१९५२ ते २०२४ या काळात लोकसभेच्या अठरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि वर्धा मतदारसंघाने त्यांत बारा जणांना निवडून दिले. ही यादी बरोबर मध्यावर दुभंगते. १९५२ ते १९८९ या पहिल्या नऊ निवडणुकांत काँग्रेस एकदाही हरली नाही. १९९१ पासूनच्या पुढच्या नऊ निवडणुकांत मात्र तिच्या वाट्याला तीनच विजय आले. उरलेल्यांपैकी चार भारतीय जनता पक्षाने, एक मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने आणि एक राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाच्या शरदचंद्र पवार गटाने जिंकली. वर्ध्याचे नाव निघाले की सेवाग्राम आणि पवनार आठवतात आणि त्यापाठोपाठ ‘गांधीजींचा जिल्हा, म्हणून काँग्रेसचा बालेकिल्ला’ हे समीकरण ठरल्यासारखे मांडले जाते. पहिल्या नऊ निवडणुकांपुरते ते बरोबर आहे. पुढच्या नऊ निवडणुकांचे निकाल ते खोडून काढतात.

मतदारसंघाची घडण

वर्धा हा महाराष्ट्रातील आठव्या क्रमांकाचा लोकसभा मतदारसंघ असून तो खुला आहे. २००८ च्या पुनर्रचनेनुसार त्यात सहा विधानसभा मतदारसंघ येतात. आर्वी, देवळी, हिंगणघाट आणि वर्धा हे चार वर्धा जिल्ह्यातले, तर धामणगाव रेल्वे आणि मोर्शी हे दोन अमरावती जिल्ह्यातले. म्हणजे वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर हे जिल्ह्याचे आठही तालुके या मतदारसंघात आहेतच. शिवाय वर्धा नदीच्या पलीकडचा मुलूखही त्याला जोडलेला आहे.

ही नदी एकेकाळी मोठी राजकीय सीमा होती. तिच्या पश्चिमेला वऱ्हाड, पूर्वेला नागपूरकर भोसल्यांचा आणि नंतर मध्य प्रांताचा मुलूख. वऱ्हाडावरची नाममात्र मालकी इंग्रजी अमदानीतही हैदराबादच्या निजामाकडेच होती. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढला गेला. त्याचे मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी नवे शहर वसवून ते तिथे हलवण्यात आले. तेच आजचे वर्धा. लोकसभा मतदारसंघात नदीचे दोन्ही काठ एकत्र आले असले, तरी दोन्हीकडच्या अडचणी सारख्या नाहीत. मोर्शी-वरुडचा शेतकरी संत्र्याच्या बहाराची आणि खोल जात चाललेल्या भूजलाची काळजी करतो, तर हिंगणघाट-समुद्रपूरचा शेतकरी कापसाच्या भावाची. पुलगावात केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. या सगळ्यांचा खासदार एकच.

राज्याच्या सीमाही या मतदारसंघाच्या डोक्यावरून फिरत राहिल्या. १९५२ ची पहिली निवडणूक झाली तेव्हा वर्धा मध्य प्रदेशात होते आणि राज्याची राजधानी होती नागपूर. १९५७ ची निवडणूक द्विभाषिक मुंबई राज्यात झाली, १९६२ ची महाराष्ट्रात. तीन निवडणुका आणि तीन राज्ये, आणि तरीही तिन्ही वेळा निवडून आलेला माणूस एकाच घराशी नाते सांगणारा होता.

बजाज घराण्याची पंधरा-वीस वर्षे

ते घर जमनालाल बजाजांचे. राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या गावी १८८९ मध्ये जन्मलेले जमनालाल लहानपणीच वर्ध्याचे शेठ बच्छराज यांच्या घरी दत्तक आले. कापसाच्या व्यापारात उभी राहिलेली ही पेढी त्यांनी राष्ट्रीय चळवळीच्या पाठीशी लावली. त्यांच्याच आग्रहामुळे विनोबा भावे १९२१ मध्ये वर्ध्याला आले. १९२८ मध्ये जमनालालांनी आपल्या कुटुंबाचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले. १९३४ नंतर गांधीजी वर्ध्यात राहू लागले आणि १९३६ मध्ये ते शेगाव या खेड्यात गेले. या खेड्याचे नाव पुढे सेवाग्राम झाले. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ मगनवाडीत उभा राहिला, राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ मध्ये वर्ध्यातच स्थापन झाली, १९३७ मध्ये ‘नई तालीम’ या शिक्षणपद्धतीची योजना इथेच मांडली गेली आणि ‘भारत छोडो’चा ठराव काँग्रेस कार्यसमितीने १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यातच संमत केला. हे पाहायला जमनालाल उरले नव्हते. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचे निधन झाले होते.

पहिल्या लोकसभेत वर्ध्याचे प्रतिनिधी झाले ते त्यांचे जावई, श्रीमन्नारायण अग्रवाल. मूळचे इटाव्याचे श्रीमन्नारायण वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य होते. जमनालालांच्या कन्या मदालसा त्यांच्या पत्नी. त्यांची ओळख प्रामुख्याने गांधीवादी अर्थतज्ज्ञ म्हणून होती. १९४४ मध्ये मुंबईच्या उद्योगपतींनी स्वतंत्र भारतासाठी ‘बॉम्बे प्लॅन’ पुढे ठेवला, तेव्हा श्रीमन्नारायणांनी ‘गांधीयन प्लॅन’ लिहून खेडे आणि ग्रामोद्योग हा विकासाचा पाया मानणारी मांडणी केली. संसदेत ते एकच कार्यकाळ राहिले. पुढे १९५८ ते १९६४ या काळात ते नियोजन आयोगाचे सदस्य होते, त्यानंतर नेपाळमध्ये भारताचे राजदूत आणि १९६७ ते १९७३ या काळात गुजरातचे राज्यपाल. मतदारसंघाचा प्रतिनिधी म्हणून त्यांच्यामागे फार मोठी नोंद उरली नाही, पण देशाच्या नियोजनाच्या चर्चेत वर्ध्याचा विचार त्यांनी मांडला, हे त्यांचे खरे काम.

१९५२ च्या त्या पहिल्या निवडणुकीची रीतही आजच्यापेक्षा अगदी वेगळी होती. बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे छापलेली नसत. मतदान केंद्राच्या आडोशात प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी ठेवलेली असे. पेटीवर चिन्ह चिकटवलेले असे आणि मतदार आपली कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकून बाहेर येई. काँग्रेसच्या पेटीवर बैलजोडी असे. वर्ध्यासारख्या शेतीवर जगणाऱ्या भागात हे चिन्ह समजावून सांगण्याची गरज नव्हती. १९५७ लाही अशाच वेगळ्या पेट्या होत्या.

१९५७, १९६२ आणि १९६७ या तिन्ही निवडणुका जमनालालांचे थोरले चिरंजीव कमलनयन बजाज यांनी जिंकल्या. मेहुण्यानंतर मेहुणा, अशी ही परंपरा पंधरा-वीस वर्षे टिकली. केंब्रिजमध्ये शिकलेले कमलनयन वडिलांच्या पश्चात घराण्याचा उद्योग वाढवत होते; बजाज ऑटोची उभारणी याच काळातली. त्यांचे चिरंजीव राहुल बजाज पुढे २००६ मध्ये अपक्ष म्हणून राज्यसभेवर गेले, पण लोकसभेसाठी वर्ध्यातून या घराण्यातले कोणी नंतर निवडून आले नाही.

कमलनयन यांच्या १९५७ च्या विजयाला एक मोठी पार्श्वभूमी आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने पश्चिम महाराष्ट्र ढवळून निघाला होता आणि संयुक्त महाराष्ट्र समितीने तिथे काँग्रेसला लोळवले होते. विदर्भ मात्र काँग्रेसच्या बाजूने राहिला. त्याचे कारण केवळ गांधीजींचा वारसा नव्हे. मुंबईसह महाराष्ट्र हा प्रश्न वर्ध्याच्या मतदाराला पुण्या-साताऱ्याच्या मतदाराइतका जवळचा नव्हता. नागपूर राजधानी म्हणून हातची गेली, याचे दुःख इथे अधिक होते.

१९६९ मध्ये काँग्रेस फुटली. कमलनयन बजाज इंदिरा गांधींबरोबर न जाता संघटना काँग्रेसमध्ये राहिले. गांधीजींना वर्ध्यात आणणारे घर आणि काँग्रेसचे सरकार यांचा मार्ग इथे वेगळा झाला. मतदारसंघाने मात्र इंदिरा गांधींचा मार्ग धरला. १९७१ मध्ये गाय-वासरू हे नवे चिन्ह घेऊन उभ्या राहिलेल्या काँग्रेसचे जगजीवनराव कदम निवडून आले. राज्यातल्या ४५ पैकी ४२ जागा त्या वर्षी इंदिरा काँग्रेसने जिंकल्या. कमलनयन यांचे १ मे १९७२ रोजी निधन झाले.

१९७७: लाट आली, वर्धा हलले नाही

आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत उत्तर भारतातून काँग्रेस जवळजवळ पुसली गेली. महाराष्ट्रात तिला ४८ पैकी २० जागा मिळाल्या आणि त्यांत वर्धा होते. खासदार झाले संतोषराव गोडे. विनोबा तेव्हा पवनारच्या आपल्या आश्रमातच होते आणि जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनाने सर्वोदय परिवार दुभंगला होता. या वादाचे एक केंद्र वर्धा जिल्हाच होता. तरीही मतदानात काँग्रेस टिकली, कारण गावपातळीवरची तिची मांडणी शाबूत होती. गोडे यांचा कार्यकाळ मात्र विरोधी बाकांवर गेला. काँग्रेसचे अधिकृत खासदार असूनही सरकारबाहेर बसण्याची वेळ वर्ध्याच्या प्रतिनिधीवर इथे पहिल्यांदा आली.

वसंत साठे

१९८० मध्ये वर्ध्याला वसंत साठे मिळाले. या यादीत राष्ट्रीय पातळीवर सर्वाधिक ओळखले गेलेले नाव हेच. १९२५ मध्ये नाशिकला जन्मलेले साठे नागपुरात वकिली करत. समाजवादी पक्षातून काँग्रेसमध्ये आलेले साठे १९७२ च्या पोटनिवडणुकीत आणि पुन्हा १९७७ मध्ये अकोल्यातून लोकसभेवर गेले होते. जनता सरकारच्या काळात इंदिरा गांधींची बाजू सभागृहात हिरीरीने मांडणाऱ्या मोजक्या खासदारांत त्यांची गणना होई. १९८० मध्ये ते वर्ध्यात आले, पंजा या नव्या चिन्हावर निवडून आले, आणि १९८४ व १९८९ मध्येही त्यांनीच जागा राखली.

१९८० च्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे माहिती व नभोवाणी खाते आले. रंगीत दूरदर्शनचा आग्रह साठ्यांचा. गरीब देशाला ही चैन कशाला, असा विरोध सरकारातूनही होत होता. साठे मागे हटले नाहीत. दिल्लीतील आशियाई खेळ तोंडावर आले होते आणि १५ ऑगस्ट १९८२ रोजी देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. मेक्सिकोत शिक्षणासाठी दूरचित्रवाणी मालिका वापरतात हे पाहून तसा प्रयोग भारतात करावा, ही कल्पनाही त्यांचीच. तिचे फळ म्हणजे १९८४ मध्ये सुरू झालेली ‘हम लोग’. पुढे रसायने व खते आणि राजीव गांधींच्या काळात पोलाद, खाण व कोळसा आणि ऊर्जा अशी वजनदार खाती त्यांनी सांभाळली. वर्ध्याचे लोकसभा सदस्य असताना केंद्रीय मंत्री झालेला आजवरचा एकमेव माणूस म्हणजे साठे.

विचारांनी ते स्वतंत्र होते. भारताने अध्यक्षीय पद्धत स्वीकारावी, असे ते जाहीरपणे म्हणत. वेगळ्या विदर्भाचा आग्रह त्यांनी उतारवयातही सोडला नाही. त्यासाठी २००३ मध्ये एन. के. पी. साळवे यांच्यासह काँग्रेसबाहेर पडून त्यांनी विदर्भ राज्य निर्माण काँग्रेसची स्थापना केली. २३ सप्टेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले.

दिल्लीत इतके वजन असलेला खासदार आपल्या मतदारसंघात का हरतो, हा प्रश्न १९९१ ने उभा केला.

१९९१

त्या निवडणुकीत राज्यात काँग्रेसला ४८ पैकी ३८ जागा मिळाल्या. निवडणुकीच्या मध्यातच राजीव गांधींची हत्या झाली आणि पुढच्या टप्प्यांत सहानुभूतीचा मोठा आधार पक्षाला मिळाला. भाजप पाचवर आणि शिवसेना चारवर थांबली. उरलेली एक जागा वर्ध्याची. ती मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या रामचंद्र घंगारे यांनी जिंकली आणि हरले ते वसंत साठे.

महाराष्ट्रात या पक्षाची ताकद ठाण्याच्या आदिवासी पट्ट्यात, नाशिक जिल्ह्यात आणि मुंबईच्या कामगार वस्तीत. १९७७ मध्ये जनता लाटेत त्याचे तीन खासदार राज्यातून निवडून आले होते, पण ते डहाणू, बीड आणि मुंबईचे. वर्ध्याचा निकाल त्या नकाशात बसत नाही. घंगारे यांच्यानंतर महाराष्ट्रातून या पक्षाचा एकही उमेदवार लोकसभेवर गेलेला नाही.

हा निकाल समजून घ्यायचा तर कापसाकडे पाहावे लागते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू होती. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, खाजगी व्यापाऱ्याला नाही. भाव कमी मिळाला, चुकारा उशिरा आला किंवा केंद्रावर गाड्या तिष्ठत राहिल्या, तर शेतकऱ्याचा राग थेट सरकारवर येई. मधे दोष द्यायला व्यापारीही उरत नसे. १९८० च्या दशकात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने हा राग संघटित केला आणि वर्धा जिल्हा तिच्या प्रमुख क्षेत्रांपैकी एक झाला. हिंगणघाट आणि पुलगाव ही गिरणगावे. तिथे कामगारांच्या संघटना होत्या आणि गिरण्यांची घरघर सुरू झाली होती. शेतकरी आणि कामगार या दोघांचाही काँग्रेसवरचा विश्वास एकाच दशकात पातळ होत गेला. १९९१ मध्ये साठे हरले त्यामागे उमेदवारांमधला फरक असेलच, पण पायाखालची जमीन आधीच सुटली होती. गांधीजींच्या नावाचा आधार ज्या पिढीला वाटत होता, ती पिढी मतदारयादीत अल्पसंख्य झाली होती, हेही विसरता येत नाही.

दर निवडणुकीला नवा खासदार

यानंतरची दोन दशके वर्ध्याने कोणालाही सलग दोनदा निवडून दिले नाही. १९९६ मध्ये भाजपचे विजय मुडे निवडून आले. राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते आणि लोकसभेच्या ३३ जागा युतीने घेतल्या होत्या. भाजपचा हा वर्ध्यातला पहिला विजय. ही लोकसभा दोन वर्षेही टिकली नाही. १९९८ मध्ये राज्यात काँग्रेस आणि रिपब्लिकन पक्ष एकत्र आले, काँग्रेसने ३३ जागा जिंकल्या आणि वर्ध्यातून दत्ता मेघे निवडून आले. तीही लोकसभा फार टिकली नाही; केंद्रातले सरकार तेरा महिन्यांत एका मताने पडले.

मेघे हे वेगळ्याच घडणीचे नेते. १९९१ मध्ये नागपूर, १९९६ मध्ये रामटेक, १९९८ मध्ये वर्धा, असे सलग तीन निवडणुकांत तीन मतदारसंघ त्यांनी जिंकले. विदर्भात असे उदाहरण दुसरे नाही. त्यांचे खरे बळ शिक्षणसंस्थांत होते. वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथे १९९० मध्ये उभे राहिलेले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय ही आज जिल्ह्याची मोठी आरोग्यव्यवस्था आहे. सेवाग्रामचे महात्मा गांधी वैद्यकीय संस्थान १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुशीला नय्यर यांनी ग्रामीण भागासाठी उभारले होते. जेमतेम काही मैलांच्या अंतरावरच्या या दोन संस्था जिल्ह्याच्या राजकारणातला बदलही सांगतात. आधीच्या पिढीत आश्रम आणि खादीच्या संस्थांतून माणसे राजकारणात येत. नंतरच्या पिढीत महाविद्यालये, सहकारी संस्था आणि नगरपालिकांतून येऊ लागली.

१९९९ मध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस काढली आणि मेघे तिकडे गेले. काँग्रेसला राज्यात अवघ्या दहा जागा मिळाल्या आणि त्यांतली एक वर्ध्यात प्रभा राव यांनी जिंकली. वर्ध्याच्या आजवरच्या बारा खासदारांत त्या एकमेव महिला. १९७२ पासून विधानसभेत पुलगावचे प्रतिनिधित्व करत त्या राज्यात मंत्री झाल्या होत्या आणि प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्षही. १९८५ मध्ये त्यांची प्रदेशाध्यक्षपदी नेमणूक झाली, ती वसंतदादा पाटलांना इतकी खटकली की त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. एखाद्या जिल्ह्यातल्या नेत्याच्या नेमणुकीवरून मुख्यमंत्री जावा, हा प्रसंग राज्याच्या इतिहासात विरळाच. २००४ मध्ये त्या पुन्हा प्रदेशाध्यक्ष झाल्या, २००८ मध्ये हिमाचल प्रदेशच्या राज्यपाल आणि नंतर राजस्थानच्या. राज्यपालपदी असतानाच २६ एप्रिल २०१० रोजी त्यांचे निधन झाले. श्रीमन्नारायण यांच्यानंतर राज्यपाल झालेल्या वर्ध्याच्या त्या दुसऱ्या माजी खासदार.

२००४ मध्ये देशात सत्तापालट झाला, वाजपेयी सरकार गेले. विदर्भाने मात्र उलटी दिशा धरली. अकरापैकी दहा जागा भाजप-शिवसेना युतीला मिळाल्या. काँग्रेसकडे फक्त नागपूर उरले. वर्ध्यातून भाजपचे सुरेश वाघमारे निवडून आले. त्यांच्याच कार्यकाळात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न राष्ट्रीय झाला. पंतप्रधान मनमोहन सिंग २००६ मध्ये विदर्भात आले, वर्धा जिल्ह्यातल्या वायफडला शेतकऱ्यांशी बोलले आणि १ जुलै रोजी त्यांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम या वऱ्हाडच्या पाच जिल्ह्यांबरोबर सहावा जिल्हा होता वर्धा.

२००९ मध्ये पुन्हा दत्ता मेघे निवडून आले, या वेळी काँग्रेसमध्ये परतून तिच्या तिकिटावर. त्यांनी वाघमारे यांचा सुमारे ९६ हजार मतांनी पराभव केला. ही निवडणूक नव्या पुनर्रचनेनंतरची पहिली. पुलगाव विधानसभा मतदारसंघ नकाशावरून गेला होता, देवळी आला होता. नदीपलीकडे धामणगाव रेल्वे या नावाचा नवा मतदारसंघ झाला होता.

सत्तेबाहेरची वीस वर्षे

या निकालांकडे दिल्लीतून पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. १९८९ मध्ये साठे निवडून आले तेव्हा सरकार विश्वनाथ प्रताप सिंग यांचे झाले. १९९१ मध्ये मतदारसंघाने कम्युनिस्ट निवडला आणि सरकार काँग्रेसचे आले. १९९६ मध्ये भाजपचा खासदार गेला, पण वाजपेयींचे सरकार तेरा दिवसांचे ठरले. १९९८ आणि १९९९ मध्ये काँग्रेसचे खासदार गेले, सरकार भाजप आघाडीचे. २००४ मध्ये भाजपचा गेला, सरकार काँग्रेस आघाडीचे. म्हणजे १९८९ ते २००९ ही वीस वर्षे, तेरा दिवसांचा अपवाद सोडला तर, वर्ध्याचा खासदार सतत सरकारबाहेर होता.

याचा परिणाम मोजून दाखवणे कठीण आहे, पण तो झालाच नाही असे म्हणणे धाडसाचे ठरेल. या काळात हिंगणघाट-पुलगावचा गिरणीधंदा खचत गेला आणि कापसाच्या प्रश्नावर केंद्राशी बोलू शकेल असा मंत्री या जिल्ह्याला मिळाला नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग २००८-०९ मध्ये मंजूर झाला. त्याचा वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा सुरू व्हायला २८ फेब्रुवारी २०२४ उजाडला.

तडस आणि काळे

२०१४ मध्ये काँग्रेसने दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे यांना उमेदवारी दिली. समोर भाजपचे रामदास तडस. देवळीचे तडस हे मल्ल. ‘विदर्भ केसरी’चा किताब त्यांनी मिळवला होता. देवळीच्या नगराध्यक्षपदापासून वर आलेला हा माणूस आधी राष्ट्रवादी काँग्रेसकडून विधान परिषदेत होता. मोदी लाटेत तडस यांना ५,३७,५१८ मते मिळाली, मेघे यांना ३,२१,७३५. २,१५,७८३ चे मताधिक्य. निकालानंतर काही महिन्यांतच दत्ता मेघे स्वतः भाजपमध्ये गेले.

२०१९ मध्ये तडस यांच्यासमोर प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस होत्या. नरेंद्र मोदींनी राज्यातल्या प्रचाराची सुरुवात १ एप्रिलला वर्ध्यातूनच केली. तडस सुमारे १ लाख ८७ हजार मतांनी जिंकले. साठे यांच्या १९८९ च्या विजयानंतर जागा राखणारे ते पहिलेच खासदार. दोन्ही वेळा काँग्रेसने माजी खासदाराच्या घरातला उमेदवार दिला आणि दोन्ही वेळा मतदारांनी तो नाकारला, हे इथे नोंदवायला हवे.

२०२४ ची निवडणूक एका कारणासाठी अभूतपूर्व ठरली. काँग्रेससह विरोधी पक्षांच्या महाविकास आघाडीच्या जागावाटपात ही जागा शरद पवारांच्या पक्षाकडे गेली आणि वर्ध्याच्या मतदानयंत्रावर पंजा नव्हता. बैलजोडी, गाय-वासरू, पंजा अशी चिन्हे बदलत गेली, पण १९५२ पासून काँग्रेसचा उमेदवार नाही अशी लोकसभा निवडणूक या मतदारसंघाने पाहिली नव्हती. उमेदवार म्हणून पुढे आले ते आर्वीचे माजी आमदार अमर काळे. ते मूळचे काँग्रेसचेच. त्यांचे वडील शरदराव काळेही आर्वीचे आमदार होते. पक्ष बदलून, ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे राष्ट्रवादी काँग्रेसच्या फुटीनंतर पवारांच्या पक्षाला काही आठवड्यांपूर्वीच मिळालेले चिन्ह गावोगाव पोहोचवण्याचे काम त्यांना करावे लागले. १९ एप्रिलला पंतप्रधानांची सभा आर्वीच्याच मुलुखात, तळेगावला झाली. २६ एप्रिलला मतदान झाले. काळे यांना ५,३३,१०६ मते पडली, तडस यांना ४,५१,४५८, फरक ८१,६४८. तडस यांची मते २०१९ च्या तुलनेत सव्वा लाखाहून अधिक घटली. सोयाबीन आणि कापूस या दोन्ही पिकांचे पडलेले भाव, संविधानाबद्दलची धास्ती आणि दहा वर्षे एकच खासदार असल्याची नाराजी, अशी कारणे निकालानंतर मांडली गेली. पुनर्रचनेनंतर विदर्भात उरलेल्या दहा जागांपैकी सात जागा त्या वेळी महाविकास आघाडीने जिंकल्या आणि शरद पवारांच्या पक्षाला विदर्भात मिळालेली एकमेव जागा वर्ध्याची होती.

हा कल सहा महिनेही टिकला नाही. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत धामणगाव रेल्वे, मोर्शी, आर्वी, देवळी, हिंगणघाट आणि वर्धा या सहाही जागा भाजपने जिंकल्या. देवळीत अनेक वर्षे आमदार असलेले काँग्रेसचे रणजित कांबळे हरले; आर्वीत खासदार काळे यांच्या पत्नी मयुरा काळे भाजपच्या सुमित वानखेडे यांच्याकडून पराभूत झाल्या. आज या मतदारसंघाचा खासदार दिल्लीत विरोधी बाकांवर आहे आणि त्याच मतदारांनी निवडलेले सहाही आमदार मुंबईत सत्ताधारी बाकांवर आहेत.